डे एस. एन., १९५९

ग्रंथालयाची जुनी इमारत पाडायचं ठरलं तेव्हा तळघरातली कपाटं रिकामी करायचं काम माझ्या वाट्याला आलं. एका कपाटात सुतळीने बांधलेला बुटांचा खोका निघाला. आत पोस्टकार्डं होती, तीनशेच्या वरच असतील. एकाही कार्डावर ख्यालीखुशाली नव्हती. 'आपल्या पुढील शोधनिबंधाची एक प्रत पाठवल्यास आभारी राहीन' असा छापील मजकूर, आणि मोकळ्या जागेत हाताने किंवा टाइपरायटरने भरलेलं जर्नलचं नाव, खंड, पान. प्राग, वॉर्सा, लागोस, साओ पाउलो, हैदराबाद. सगळी कार्डं एकाच माणसाच्या नावे आलेली. आमच्याच कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवून निवृत्त झालेले आणि मी रुजू होण्याआधीच वारलेले एक प्राध्यापक. बऱ्याच कार्डांवरची तिकिटं चौकोनी कापून घेतली होती. घरात तिकिटं जमवणारं मूल असणार.

माझ्या हाताखालच्या मुलाने विचारलं, "मॅडम, हे रद्दीत टाकू?"

मी म्हटलं, "थांब. हे त्यांचं सायटेशन आहे."

ग्रंथपालाने द्यायचं ते उत्तर हे नव्हे. सायटेशन म्हणजे नंतरच्या एखाद्या शोधनिबंधाने आपल्या संदर्भयादीत आधीच्या निबंधाची केलेली नोंद. ही कार्डं म्हणजे नुसती मागणी. पण झेरॉक्स आणि इंटरनेट येण्याआधी मागणीची रीत हीच होती. जर्नल लेखकाला त्याच्या निबंधाच्या काही सुट्या प्रती, म्हणजे रिप्रिंट, द्यायचं. जगभरातले लोक दर आठवड्याला निघणारी अनुक्रमणिकांची छोटी पुस्तिका चाळून लेखकाला कार्ड टाकायचे. लेखक पदरचं टपाल खर्चून प्रत पाठवायचा. आपण लिहिलेलं कुणी वाचलं, हे कळायची तेवढीच खूण. त्या प्राध्यापकांनी ती जपून ठेवली होती. खोका मी टेबलाखाली ठेवला, अजून तिथेच आहे.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला एकतीस वर्षं झाली. आधी माझ्याकडे येणारी माणसं पुस्तक मागायची. गेल्या दहा-बारा वर्षांत सगळ्यात जास्त मागितला जातो तो एक कागद: अमुक डॉक्टरांचे एकूण शोधनिबंध इतके, एकूण सायटेशन्स इतकी, एच-इंडेक्स नावाचा अंक इतका, खाली माझी सही आणि शिक्का. बढतीच्या मुलाखती आल्या की रांग लागते. पीएच.डी.चं मार्गदर्शकपद असो, पुरस्काराचा अर्ज असो नाहीतर एखादा प्रकल्प, प्रत्येक अर्जात हे तीन रकाने असतातच.

मागच्या वर्षी मेडिसिन विभागातले एक ज्येष्ठ डॉक्टर आले. त्यांना इथे नुसतं सर म्हणते. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी अपघात विभागात आणि अतिदक्षता कक्षात, कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्यांच्या उशाशी गेलेली. कुणाच्या तरी आग्रहावरून त्यांनी एका पुरस्काराला अर्ज करायचं ठरवलं होतं. मी संगणकावर नाव शोधलं, नावसाधर्म्याचे निबंध वेगळे काढले आणि आकडे वाचून दाखवले. निबंध १४, सायटेशन्स ६३, एच-इंडेक्स ४.

सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच झालं का आपलं?"

त्या वेळी मला काही बोलता आलं नाही. घरी गेल्यावर मात्र कॉलऱ्यावर काम केलेले कलकत्त्याचे शंभुनाथ डे आठवले. सरांना तिथल्या तिथे त्यांच्याबद्दल सांगायला हवं होतं, असं रात्रभर वाटत राहिलं.

डे यांच्याशी माझी ओळख झाली ती आजीमुळे. आजीचं माहेर माणदेशातलं. ती दहा-अकरा वर्षांची असताना गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली आणि एका आठवड्यात तिचे दोन भाऊ नि एक बहीण गेली. 'सकाळी विहिरीवरून घागर आणलेलं पोर दिवेलागणीला नव्हतं,' एवढंच ती सांगायची. पुढचं सांगायला माझी आई लागायची: तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, सुरकुतलेली बोटं, घोगरा झालेला आवाज. मरीआईचं देऊळ वेशीबाहेर असतं ते याच भीतीपोटी. पंढरीच्या वारीला जाताना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागायची, हेही आजीच्या बोलण्यात यायचं. तिच्या लेखी पटकी ही बाहेरून येणारी आणि माणूस घेऊन जाणारी बाई होती.

ती बाई नेमकं करते काय, हे मला नोकरीला लागल्यावर वाचायला मिळालं.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या डिसेंबरात कलकत्त्याला आला आणि पुढच्या वर्षी त्याने कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू जगापुढे मांडला. हा जंतू आतड्यात कसलं तरी विष सोडत असणार, असा अंदाजही त्याने केला होता. पुढची ७५ वर्षं ते विष कुणाला सापडलं नाही. संशोधक जंतूंचं कल्चर गाळून ते द्रव प्राण्यांच्या कातडीखाली, शिरेत, पोटाच्या पोकळीत टोचून बघत, आणि कॉलरा काही होत नसे. मग विष जंतूच्या अंगातच असतं आणि जंतू मेल्यावरच बाहेर पडतं, हे मत रुजलं. शवविच्छेदनात आतड्याचं अस्तर सोलवटलेलं दिसायचं. तेव्हा अस्तर झडतं म्हणून पाणी झिरपतं, असंही सगळे धरून चालले होते.

शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावचा. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली आणि परत आले. परतल्यावर त्यांनी हाती घेतला तो आपल्या शहराचा रोग. १९५३ मध्ये डी. एन. चॅटर्जी यांच्यासोबत त्यांनी एक प्रयोग छापला. तो इतका साधा आहे की वाचताना आपण काहीतरी गाळलं असं वाटतं. सशाला भूल द्यायची, पोट उघडायचं, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, बांधलेल्या तुकड्यात जंतू सोडायचे आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. शेजारचा, जंतू न सोडलेला तुकडा तसाच चपटा.

असा प्रयोग १९१५ मध्ये, म्हणजे डे जन्मले त्या वर्षी, व्हिऑल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी केलेला होता. तो छापलाही गेला आणि विसरलाही गेला. डे यांना ती वाट स्वतःच नव्याने शोधावी लागली. कॉलऱ्याच्या इतिहासात हे वरचेवर घडतं. इटलीतल्या फिलिपो पाचिनीने तर कॉखच्या तीस वर्षं आधी, १८५४ मध्ये, फ्लॉरेन्सला हा जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहून छापला होता. कुणी लक्ष दिलं नाही. जंतूच्या अधिकृत नावापुढे 'पाचिनी १८५४' असं लागायला १९६५ साल उजाडलं. आजच्या अर्जातले तीन रकाने पाचिनीने हयातीत भरले असते तर त्यात काय आलं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

मग १९५९. डे यांनी जंतू द्रवात वाढवले, ते द्रव एकही जंतू राहणार नाही असं गाळलं आणि नुसतं गाळीव पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं. आतडं फुगलं. जंतू नसताना फुगलं, म्हणजे फुगवणारी गोष्ट त्या पाण्यात होती. कॉखने अंदाज केलेलं विष ते हेच. इतरांनी ते रक्तात आणि कातडीखाली शोधलं होतं. डे यांनी ते जिथे काम करतं तिथे, आतड्याच्या पोकळीत, टाकून बघितलं.

हा निबंध 'नेचर'च्या १८३ व्या खंडात आहे. पानं १५३३ आणि १५३४, बस्स. लेखक एकच. मी त्याची प्रत काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. आजीच्या भावंडांना नेमकं कशाने नेलं, ते मला त्या दोन पानांत सापडलं.

आणि जगाचं लक्ष गेलं नाही.

त्याची कारणं मला माणसांच्या सवयींत दिसतात. जुनी मतं मुरलेली होती. अस्तर सोलवटतं हे पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, गंगारोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकच्या जिवंत रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासून खोटं ठरवलं. अस्तर शाबूत होतं, शवविच्छेदनात दिसायचं ते मेल्यानंतरचं होतं. पण एका निबंधाने मत बदलत नाही. शिवाय कॉलरा हा त्या काळी श्रीमंत देशांचा प्रश्न उरलेला नव्हता. १९६१ मध्ये इंडोनेशियातून सातवी महासाथ निघाली, देशोदेशी पोचली, आणि मग सगळ्यांना विष, आतडं, पाणी यांची आठवण झाली. १९६९ मध्ये अमेरिकेत फिंकलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध रूपात वेगळं केलं. त्यानंतर कॉलऱ्यावर लिहिणारा माणूस १९५९ च्या त्या दोन पानांकडे वळू लागला.

हे सगळं पाहायला मिळतं ते सायटेशनच्या यादीत. माझ्या उमेदवारीच्या काळात पुण्यातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मला काही आठवडे शिकायला पाठवलं होतं. तिथे मी पहिल्यांदा 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे खंड हाताळले. फिलाडेल्फियाचे युजिन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात तिचे खंड निघू लागले. कल्पना वकिलांच्या जगातून आलेली. एखादा निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला, याच्या सूची अमेरिकेतले वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. गारफील्ड यांनी तीच रीत शोधनिबंधांना लावली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, पातळ कागद, आणि लेखकाच्या नावाखाली त्याचा जुना निबंध, त्याखाली तो निबंध या वर्षी कुणी कुणी उल्लेखला. मला शिकवणाऱ्या बाई भिंग देऊन म्हणायच्या, "आकडा शेवटी मोज. आधी नावं वाच."

हे त्यांचं सांगणं मला अजून पुरतं.

नावं वाचायला लागलं की कितीतरी गोष्टी कळतात. त्या छापील खंडांत उल्लेखलेला निबंध फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली लागायचा. म्हणजे १९५३ चा ससा डे यांच्या नावाखाली, चॅटर्जी कुठेच नाहीत. आणि इथे मला मुंबईची गोष्ट सांगितलीच पाहिजे. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याच दशकात एन. के. दत्ता हेही कॉलऱ्यावर काम करत होते. एम. के. हब्बू यांच्यासोबत त्यांनी १९५५ मध्ये सशाच्या दुधपित्या पिलांना कॉलरा घडवून आणायची पद्धत छापली. मोठ्या सशाला एरवी कॉलरा होत नाही, पिलाला होतो, हे त्यातलं मर्म. आणि १९५९ मध्ये, म्हणजे डे यांच्याच वर्षी, दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांचा निबंध अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त आला. प्रायोगिक कॉलऱ्यात विषाचा वाटा काय, हाच त्याचा विषय. दोन पानांचाच तोही. कलकत्ता आणि मुंबई एकाच वर्षी एकाच दाराशी पोचली होती.

पानसे आणि कुलकर्णी ही नावं पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. मरीआईच्या कोड्याच्या उत्तरात आपल्याकडची दोन आडनावं होती आणि शाळेत, कॉलेजात, कुठेही मला ती कुणी सांगितली नव्हती. त्या सूचीतही ती दत्तांच्या नावाआड होती. 'कुलकर्णी डी. आर.' असं आज संगणकात टाकलं तर डझनांनी माणसं येतील. त्यांतले हाफकिनचे कोणते, हे यंत्राला कळत नाही.

नावांचा हा घोळ बायकांच्या बाबतीत तर फार होतो. आमच्याच कॉलेजातल्या एका मॅडमचे लग्नाआधीचे नऊ निबंध माहेरच्या आडनावाने, पुढचे सासरच्या. संगणकाने त्यांच्या दोन बायका केल्या होत्या, एकीचा एच-इंडेक्स ५, दुसरीचा ४. आता प्रत्येक संशोधकाला सोळा आकड्यांचा ऑर्किड क्रमांक घेता येतो, २०१२ पासूनची ती सोय आहे. त्यांचा क्रमांक काढून दोन्ही याद्या मी जोडल्या आणि एच-इंडेक्स ७ झाला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. हिशेबातली चूक दुरुस्त झाली याचा आनंद त्यात होताच, पण मला वाटतं आपण एकच आहोत हे कागदावर आलं याचाही होता.

एच-इंडेक्स म्हणजे काय, हे विचारायला बरेच जण संकोचतात म्हणून सांगते. तुमचे निबंध जास्त उल्लेखांपासून कमी उल्लेखांपर्यंत उतरत्या क्रमाने लावायचे. पाच निबंधांना प्रत्येकी किमान पाच उल्लेख असतील, पण सहांना सहा नसतील, तर तुमचा अंक ५. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. नियमित काम करणाऱ्याला तो बरा न्याय देतो. पण डे यांचा १९५९ चा निबंध कितीही वेळा उल्लेखला गेला तरी या मोजणीत तो एकच. ज्याच्या आयुष्यात दोन-तीन डोंगर आणि बाकी सपाटी आहे, त्याला या फूटपट्टीने मोजता येत नाही.

नुसती बेरीजही तशीच फसवी. जगात आजवर सगळ्यात जास्त उल्लेखला गेलेला निबंध ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा. २०१४ मध्ये 'नेचर'ने मोजला तेव्हा त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर होते. विषय काय, तर द्रावणातलं प्रथिन मोजायची पद्धत. जगभरच्या प्रयोगशाळांत ती रोज वापरली जायची आणि वापरणारा प्रत्येक जण आपल्या निबंधात तिची नोंद करायचा. मोठंच काम आहे ते. पण स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वेळा हातात येणारं भांडं म्हणजे त्या घरचा सगळ्यात मोठा ठेवा, असं आपण म्हणत नाही.

आणि आजार कुणाचा, यावरही आकडा ठरतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट दगावायची. त्यांनी उशाशी बसून लक्षणं टिपली, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून बघितलं, आणि १९८० च्या दशकात ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. विंचू चावतो तो शेतात, गवतात, चुलीपाशी राबणाऱ्याला. या विषयावर लिहिणारे लोक जगात मुळातच मोजके, तेव्हा उल्लेख करणारेही तेवढेच. कर्करोगाच्या एखाद्या निबंधाला लाभतो तो वाचकवर्ग विंचवाच्या वाट्याला कधीच येणार नाही. पण प्राझोसिनमुळे उठून घरी गेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून विचारा, त्याला हा हिशेब कसा वाटतो.

काही काम तर इतकं मुरतं की त्याचं नावच पुसलं जातं. शेजारून विरजण आणलं, घरचं दही लागत राहिलं, की चार वर्षांनी विरजण मुळात कुणाचं ते आठवत नाही. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींकडून क्षार आणि पाणी बाहेर फेकून घेतं, पण साखरेबरोबर मीठ शोषून घ्यायची त्या पेशींची शक्ती शाबूत राहते. म्हणून साखर-मीठ-पाणी पाजून माणूस वाचवता येतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते करून दाखवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या कामाचा निबंध १९७३ मध्ये छापला गेला. आज एखादी आई वाटीत साखर-मीठ ढवळते तेव्हा ती कुणाचा संदर्भ देणार?

आकड्याला बक्षीस लावलं की आकडा बनवणारेही उभे राहतात, हे मला फार जवळून बघावं लागलं. एक तरुण व्याख्याता माझ्याकडे तीन निबंध घेऊन आला. तिन्ही एकाच महिन्यात छापलेले, जर्नलचं नाव मोठं आंतरराष्ट्रीय, संपादकांचा पत्ता कुठेच नाही. पैसे भरले होते, पावती होती. मी प्रमाणपत्र देऊ शकत नाही म्हटल्यावर तो रडकुंडीला आला. "मॅडम, वरिष्ठांनीच हे जर्नल सुचवलं." २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नल्स तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असं त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. त्याच वर्षी आयोगाने हजारो नावं यादीतून काढली. पण तोवर कितीतरी पोरांचे पगार आणि वर्षं त्यात गेली होती. त्या मुलाला मी जे सांगितलं ते त्याला तेव्हा पटलं नसेल. पुढे वर्षभराने त्याने वॉर्डातल्या वीस रुग्णांवर एक छोटा, खरा निबंध लिहिला. तो छापून आला त्या दिवशी पेढे घेऊन आला. त्याला अजून एकही उल्लेख नाही. मी अधूनमधून बघते.

डे यांच्याकडे परत येते. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिलं नव्हतं, मोठा पुरस्कार मिळाला नव्हता. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं. ते पारितोषिक आलं नाही. १९७८ मध्ये स्टॉकहोमला कॉलऱ्यावर नोबेल परिसंवाद भरला, तिथे त्यांना बोलावलं. त्यांच्या दोन पानांवर ज्यांनी पुढचं सगळं उभारलं होतं ती माणसं समोर बसली होती. भाषणात ते म्हणाले की साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून मी मेलेलाच होतो. परिसंवादाच्या समितीने मला उकरून काढलं आणि तुमच्याबरोबरच्या या दोन दिवसांत मी पुन्हा जिवंत होतो आहे असं वाटतं.

हे वाक्य मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला तो बुटांचा खोका दिसतो.

१९८५ मध्ये डे वारले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८६ मध्ये, सायटेशनची मोजणी ज्यांनी सुरू केली त्या गारफील्ड यांनीच आपल्या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख लिहिला. कॉलऱ्यावरच्या संशोधनाचा नकाशा सायटेशन्सवरून काढून त्यांनी दाखवलं, की सुरुवातीला दुर्लक्षित राहिलेला हा निबंध पुढे त्या विषयाचा मैलाचा दगड ठरला. १९९० मध्ये 'करंट सायन्स'ने डे यांच्या स्मरणार्थ खास अंक काढला. मोजणीनेच त्यांना शोधून काढलं, याचं मला एके काळी समाधान वाटायचं. आता माझं लक्ष सालांकडे जातं. १९५९, १९७८, १९८५, १९८६. मोजणीला एवढा वेळ लागतो.

सरांना मी हे सगळं सांगितलं ते आठवड्याने, ते प्रमाणपत्र न्यायला आले तेव्हा. खुर्ची ओढून बसले, मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मग मी त्यांच्या ६३ उल्लेखांची यादी उघडली. नऊ त्यांचे स्वतःचेच, ते बाजूला काढले. उरलेली चोपन्न आम्ही एकेक करून वाचली. बारा भारतातले, त्यांत दोन यवतमाळच्या बाजूचे. नेपाळ. इराण. श्रीलंकेचे सात, आणि त्यांतल्या अनुराधापूरच्या तिघांनी त्यांचा एकच निबंध घेतला होता, १९९८ चा, विषबाधेवरचं ॲट्रोपिन हे औषध किती नि कधी द्यावं याच्या निरीक्षणांचा. तो निबंध सरांनी रात्रपाळ्यांमध्ये लिहिला होता, आकडेवारीसाठी केसपेपरांचे गठ्ठे बायकोने घरी लावून दिले होते. ते आपणहून बोलत राहिले. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, वॉर्डात खाली गाद्या टाकल्या होत्या.

मी प्रमाणपत्र छापलं: निबंध १४, सायटेशन्स ६३, एच-इंडेक्स ४. खाली सही-शिक्का केला आणि मागे यादीची चार पानं जोडली.

दुपारी ते आस्थापना शाखेत फाइल द्यायला गेले तेव्हा मी बरोबर होते. लिपिकाने प्रमाणपत्र बघितलं, आकडे रकान्यात उतरवून घेतले आणि पिना काढून मागची चार पानं सुटी केली. "याची गरज नाही, सर. फक्त वरचं पान लागतं."

सरांनी ती पानं परत घेतली, नीट दुमडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. जिना उतरताना त्यांनी विचारलं, "अनुराधापूरला भातशेतीच असेल ना हो?"